शरणपूर रोड ते फ्रेअरटाऊन: गुलामीतून सुटलेल्यांचा ‘दुसरा दिवस’ मुलांना कसा शिकवावा

नाशकात शरणपूर रोडचा पत्ता कुणाला सांगावा लागत नाही. साड्या घ्यायला, दवाखान्यात, क्लासला, कशाला ना कशाला सगळं शहर तिथं जातं. तरी नववीच्या वर्गात “या रोडला शरणपूर का म्हणतात?” असं विचारलं की अठ्ठावन्न मुलांत एक हात वर होत नाही. माझा पहिला तास याच प्रश्नाने सुरू होतो. तुम्ही नाशिकचे नसाल तरी हा प्रश्न चालतो. मुलांना आमचं शहर माहीत नसलं तरी ‘शरण’ हा शब्द माहीत असतो.

मी सव्वीस वर्षं हायस्कूलला इतिहास शिकवते आहे. गुलामगिरीचा विषय निघाला की आपण जहाजं, साखळदंड, बाजार हे सगळं सांगतो, मग कायदा सांगतो आणि वही मिटतो. कायदा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती माणसं कुठं उठली, चूल कशावर पेटवली, एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलली, हे राहूनच जातं. मला तो दुसरा दिवस शिकवायचा असतो. त्यासाठी चार तासांची एक पद्धत मी बसवली आहे, ती जशी करते तशी इथे लिहिते. वर्गात वापरा, वाचनालयात मुलांचा गट चालवत असाल तर तिथे वापरा, घरी दोन मुलांना घेऊन बसलात तरी चालेल.

सामान फार लागत नाही. हिंदी महासागर मधोमध असलेला मोठा नकाशा, लोकरीचा एक गुंडा, टाचण्या, कोरे कागद आणि एक घंटा. देवघरातली चालेल, शाळेच्या शिपाईकाकांकडची मोठी मिळाली तर उत्तम. घंटा शेवटच्या तासापर्यंत पिशवीतच ठेवा.

पहिला तास: दोरा

शरणपूर, म्हणजे शरण आलेल्यांचं गाव. ही वस्ती चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ साली वसवली. तेव्हा ती नाशिक गावाबाहेर होती. तिथेच पुढे ‘आफ्रिकन असायलम’, म्हणजे सुटून आलेल्या आफ्रिकनांचं आश्रयस्थान, सुरू झालं. गुलाम भरून नेणारी गलबतं ब्रिटिश आरमार समुद्रात अडवत असे. त्यांतून सोडवलेली माणसं एडन, मुंबई, सेशेल्स अशा बंदरांत उतरवली जात. मुंबईत उतरलेल्यांतली पुष्कळ मुलं १८६० च्या सुमारापासून नाशिकला आली. इथे ती लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली, मोठी झाली, काहींची लग्नंही झाली.

हे तोंडी सांगून सोडून देऊ नका. एका मुलाला पुढे बोलवा आणि नकाशावर दोरा लावायला सांगा. पहिली टाचणी न्यासा सरोवराकाठी, आजच्या मलावीजवळ. तिथून किनाऱ्यावर किल्वा, मग झांजिबार, मग भर समुद्रात एक टाचणी, मग मुंबई, मग नाशिक. नाशिकला दोरा पोचला की मुलं थांबतात, त्यांना वाटतं संपलं. गुंडा त्यांच्या हातातच राहू द्या. मग म्हणा, “आता परत लाव, पूर्व आफ्रिकेतल्या मोंबासापर्यंत.” दोरा उलटा समुद्र ओलांडतो तेव्हा वर्गात जी चुळबुळ होते तिच्यासाठी मी दरवर्षी हा तास घेते.

इथे एक प्रश्न हमखास येतो: “बाई, म्हणजे जंजिऱ्याचे सिद्दी का?” नाही. जंजिऱ्याचे सिद्दी त्याच्या कितीतरी आधीचे आणि ते सत्ताधीश होते. मलिक अंबर लहानपणी इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेला आणि निजामशाहीचा कारभारी झाला, तो १६२६ मध्ये वारला. हे दोन मिनिटांत सांगा आणि पुढे चला, नाहीतर तास तिकडेच जातो.

शरणपूरला मुलांना न्यायचं असेल तर आधी चर्चच्या लोकांची परवानगी घ्या आणि रविवारची सकाळ टाळा. तिथे माणसं प्रार्थनेला येतात, तिथे त्यांची माणसं पुरलेली आहेत, हे मुलांना बसमध्येच सांगा. फोटोऐवजी वहीत चित्र काढायला लावा. चित्र काढणारं मूल आपोआप हळू बोलतं.

दुसरा तास: यादी

सांगण्याआधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, म्हणजे तुमच्याकडून ती होणार नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी वर्गात गुलामांच्या बाजाराचं नाटुकलं केलं होतं. एक मुलगी टेबलावर उभी, बाकीचे बोली लावणार. मला वाटलं मुलांना झळ पोचेल. मुलं हसून ओरडायला लागली, एकाने तिच्या रंगावरून भाव पाडला आणि ती टेबलावर उभी राहून रडायला लागली. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. विकलं जाणं मुलांकडून कधीही करून घेऊ नका, हात बांधणं नको, बोली नको. सुटल्यानंतरचं करून घ्या.

ते असं. सगळ्यांना एकेक कोरा कागद द्या. सांगा, “संध्याकाळचे सहा वाजलेत. तुम्ही एका अनोळखी बंदरावर उतरला आहात. आता तुमचा कुणी मालक नाही. उद्या सकाळपर्यंत तुम्हाला काय काय लागेल ते लिहा.” सात मिनिटं, बोलायचं नाही. पहिली यादी सगळ्यांची सारखी निघते: पाणी, भाकरी, पांघरूण, पैसे. ती वाचून घ्या. मग दुसरी गोष्ट सांगा. “तुम्हाला पकडून नेलं तेव्हा तुम्ही सात वर्षांचे होता. आईचा चेहरा आठवतो, गावाचं नाव आठवत नाही. शेजारी बसलेल्याची भाषा तुम्हाला येत नाही.” आता कागदाच्या मागच्या बाजूला पुन्हा यादी करायला लावा.

या दुसऱ्या यादीसाठी घाई करू नका. माझ्या वर्गात आलेली उत्तरं: ‘माझ्या भाषेतलं एक माणूस’. ‘वय किती ते कुणीतरी सांगायला हवं’. ‘भांडण झालं तर कुणाकडे जायचं’. ‘मेलो तर कोण पुरणार’. सुरगाण्याकडचा एक मुलगा पाचवीपासून वसतिगृहात राहतो, त्याने एकच ओळ लिहिली: ‘सकाळी उठवायला कोण?’ मी विचारलं, तुला कोण उठवतं? म्हणाला, “घंटा.”

आता फ्रेअरटाऊन सांगायची वेळ. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर १८७३ मध्ये झांजिबारला गेले. सुलतान बर्घश याने ५ जून १८७३ रोजी तहावर सही केली आणि झांजिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. मग आरमाराने सोडवलेली माणसं ठेवायची कुठे, हा प्रश्न आला. मोंबासा बेटासमोर, खाडीपलीकडे किसौनीला जमीन घेऊन १८७५ मध्ये वस्ती उभी राहिली. नाव पडलं फ्रेअरटाऊन. ती उभारायला आले तेच प्राइस, शरणपूरवाले. आणि त्यांच्या मदतीला नाशिक-मुंबईत वाढलेले आफ्रिकन, दीडशेच्या आसपास. मोंबासात त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत.

फळ्यावर तीन शब्द लिहा: बॉम्बे आफ्रिकन, मातेका, वातोरो. हे तिघेही तिथे शेजारी राहायला आले. पहिले आपल्याकडून गेलेले, हातात कसब असलेले, इंग्रजी येणारे. मातेका म्हणजे आरमाराने गलबतातून सोडवून थेट तिथे उतरवलेले, कुणी याओ जमातीचे, कुणी माकुआ जमातीचे, कुणी न्यासाकाठचे. वातोरो म्हणजे किनाऱ्यावरच्या मालकांकडून स्वतःच पळून आलेले. एकाची भाषा दुसऱ्याला कळेना. स्वाहिली ही त्यांची बाजाराची, शाळेची आणि हळूहळू घरातली भाषा झाली. नातेवाईक नव्हतेच, मग एका गलबतातून आलेले एकमेकांचे नातेवाईक झाले. आजूबाजूचे त्यांना ‘वामिशेनी’ म्हणत, मिशनवाले. कुणी गावाच्या नावाने ओळखलं जातं, कुणी कुळाच्या. यांना नवी ओळख पहिल्यापासून घडवावी लागली. आता मुलांना त्यांच्या मागच्या बाजूच्या याद्या काढायला सांगा आणि कोणती ओळ तिथे कशी भागली ते जोडायला लावा. चूल, भाषा, शेजार, लग्न, पंच, शाळा, स्मशान. एकेक ओळ जोडली की मुलांना गाव दिसायला लागतं.

तिसरा तास: कर्ता कुठे गेला?

हा तास मराठीच्या शिक्षकांसोबत घेता आला तर फार छान. फळ्यावर हे वाक्य लिहा: ‘लिव्हिंगस्टनचा मृतदेह किनाऱ्यावर आणण्यात आला.’ आणि विचारा, कुणी आणला?

आफ्रिकेत फिरलेला स्कॉटिश मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियात चितांबोच्या गावी वारला. त्याच्या माणसांनी त्याचं काळीज झाडाखाली पुरलं, देहाला मीठ लावून उन्हात वाळवला, झाडाच्या सालीत आणि शिडाच्या कापडात गुंडाळला आणि दीड हजार किलोमीटरहून अधिक पायी चालत फेब्रुवारी १८७४ मध्ये किनाऱ्यावरच्या बागामोयोला पोचवला. पुढाऱ्यांत होता चुमा. तो लहानपणी गुलामांच्या तांड्यातून सुटला होता आणि मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकला होता. पुरताना प्रार्थना वाचली आणि झाडावर नाव कोरलं ते याकोब वेनराइटने, नाशिकच्या असायलममध्ये वाढलेल्या तरुणाने. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता. नाशिकचा मुलगा, असं मी म्हणते तेव्हा वर्गात अभिमानाचा आवाज उठतो. तो उठू द्या.

आता मुलांना ‘करण्यात आले, वसवण्यात आले, शिकवण्यात आले’ अशी सगळी वाक्यं कर्तरी प्रयोगात फिरवायला लावा. ‘मुक्त झालेल्यांसाठी शाळा काढण्यात आली.’ शिकवलं कुणी? विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर, जॉर्ज डेव्हिड. तिघेही आपल्याकडून गेलेले. फ्रेअरटाऊनच्या आधीच, १८६० च्या दशकात, ते मोंबासाजवळ रबईला पोचले होते. जोन्स आणि सेमलर यांना १८८५ मध्ये पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. त्याच वर्षी पूर्व आफ्रिकेचा बिशप हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारला गेला, तेव्हा उरलेला तांडा निळं निशाण धरून शेकडो किलोमीटर चालवत रबईला परत आणला तो जोन्सने. एकदा कर्ता सापडला की मुलं पुढच्या धड्यांतही तो शोधतात. १८५७ च्या धड्यात एक मुलगी मला म्हणाली, “बाई, इथे पण कर्ता नाही.”

मग नावांकडे वळा. जोन्स, वेनराइट, डेव्हिड. “ही त्यांची नावं होती का?” नव्हती, ही दिलेली. चुमाला मुंबईत बाप्तिस्म्याच्या वेळी जेम्स हे नाव मिळालं, तरी जग त्याला चुमा म्हणूनच ओळखतं. इथे वर्गात कुणीतरी विचारेलच, “म्हणजे त्यांचं धर्मांतर केलं ना?” प्रश्न दाबू नका. हो, केलं. ती मुलं होती, त्यांना निवड नव्हती. आणि पुढे त्याच चर्चमध्ये त्यांनी स्वतःची माणसं, स्वतःचं पौरोहित्य, स्वतःची शाळा उभी केली. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एका दमात सांगता यायला हवं. मी यावर वर्गात वाद घालू देत नाही, प्रश्न मात्र सगळे घेते.

याच तासाला दोऱ्यावर काळाच्या चिठ्ठ्या अडकवायला लावते. १८३३ चा ब्रिटिश कायदा, १८४३ चा हिंदुस्थानातला कायदा, मग १८७३. त्या एका वर्षाला चिठ्ठ्यांची दाटी होते: लिव्हिंगस्टनचा मृत्यू, झांजिबारचा तह, आणि पुण्यात जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’. अमेरिकेत गुलामी बंद करण्यासाठी झटलेल्या तिथल्या सज्जनांना त्यांनी ते पुस्तक अर्पण केलं. मुलांना हे पाठ असतं. त्याच वर्षी नाशिकहून गेलेला तरुण आफ्रिकेत झाडावर नाव कोरत होता, हे पाठ नसतं. दोन्ही चिठ्ठ्या शेजारी लटकताना बघू द्या.

चौथा तास: जमीन कुणाची?

इथवर गोष्ट गोड वाटते. चौथ्या तासाला ती तशी राहू देऊ नका.

फ्रेअरटाऊनची जमीन मिशनच्या नावावर होती. नियम मिशनचे, शिक्षा मिशनची. १८८० च्या सुमारास तिथे फटक्यांच्या शिक्षेवरून तक्रारी ब्रिटिश अधिकाऱ्यांपर्यंत गेल्या. तेच काम करणाऱ्या गोऱ्यापेक्षा आपल्याला पगार कमी का, हे बॉम्बे आफ्रिकन लोकांनी विचारलं आणि त्यावरून तंटे झाले. वातोरोंचा प्रश्न तर फारच अवघड. मालक दारात येऊन माणसं परत मागत. काही पळालेल्यांनी मिशनपासून दूर फुलादोयोला आपली स्वतःची वस्ती केली, तिच्यावर हल्ले झाले. शेवटी ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या जॉर्ज मॅकेन्झीने मालकांना पैसे मोजले आणि १ जानेवारी १८८९ रोजी रबईला चौदाशेहून अधिक पळालेल्यांना मुक्तीचे कागद मिळाले. मुलांना विचारा: पैसे कुणाला मिळाले? हा प्रश्न त्यांना लगेच झोंबतो.

मग मी त्यांना नकाशाच्या पार दुसऱ्या टोकाला नेते, दक्षिण अमेरिकेत गयानाला. तिथली गुलामी १८३४ मध्ये कायद्याने संपली. ब्रिटिश सरकारने सगळ्या वसाहतींतल्या मालकांना मिळून २ कोटी पौंड भरपाई दिली. राबणाऱ्यांना काही नाही, उलट १८३८ पर्यंत ‘उमेदवारी’ म्हणून त्याच मालकाकडे राबायचं. त्या चार वर्षांत जादा कामाचे जे सुटे पैसे मिळाले ते लोकांनी साठवले. नोव्हेंबर १८३९ मध्ये पाच मळ्यांवरच्या ८३ जणांनी मिळून नॉर्थब्रुक नावाचा मळाच विकत घेतला, ३० हजार गिल्डरला (गिल्डर म्हणजे तिथलं जुनं डच चलन). नाणी हातगाड्यांत भरून नेली असं सांगतात. गावाचं नाव ठेवलं व्हिक्टोरिया. पुढच्या वर्षी १२८ जणांनी ५० हजार डॉलरला दुसरा मळा घेतला, त्याचं बक्स्टन गाव झालं.

इथे गणित करून घ्या. ३० हजाराला ८३ ने भागलं की माणशी साधारण ३६१ गिल्डर येतात. मग मुलांना घरी आईच्या, काकूच्या बचत गटाची वही बघायला सांगा: महिन्याला किती जमा, किती महिन्यांनी किती होतात. दुसऱ्या दिवशी मुलं येतात ती डोळे मोठे करून. दर आठवड्याचे चार पैसे बाजूला टाकणं किती कठीण आहे, हे आता त्यांना आपल्या घरावरून कळलेलं असतं. एकीने विचारलं, “बाई, त्यांच्यातल्या एकाने हप्ता बुडवला असता तर?” मी तिला म्हटलं, हाच प्रश्न त्या ८३ जणांनाही पडला असेल.

जमीन घेतल्यावरही सुटका नव्हती, हेही सांगा. गयानाचा किनारा भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. बांध, चर आणि पाणी सोडायची दारं सांभाळली नाहीत तर शेत बुडतं. मळेवाल्याकडे त्यासाठी भांडवल होतं, गावाकडे हात होते. पुढे १८६२ मध्ये कराविरुद्ध बक्स्टनच्या लोकांनी गव्हर्नरची आगगाडी रुळावर उभं राहून अडवली, ही गोष्ट तिथे अजून सांगतात. आणि उमेदवारी संपली की हे स्वस्तात राबणार नाहीत, हे ओळखून मळेवाल्यांनी आधीच दुसरीकडून मजूर आणायला सुरुवात केली होती. हिंदुस्थानातून गिरमिटियांची, म्हणजे कराराने बांधलेल्या मजुरांची, पहिली जहाजं गयानाला लागली ती ५ मे १८३८ रोजी. एवढं सांगून मी थांबते, तो वेगळा धडा आहे.

तासाची शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. माझा एक माजी विद्यार्थी काही काळ मोंबासाला होता, त्याने तिथून फोटो पाठवला, तो मी रंगीत छापून घेतला आहे. रहदारीच्या चौकात छोटा मनोरा, त्यात घंटा. ती फ्रेअरटाऊनची घंटा. त्या भागाला केंगेलेनी म्हणतात, स्वाहिलीत केंगेले म्हणजे घंटा. गुलाम पकडणारे आले की ती वाजवून वस्तीला सावध करत, असं तिथे सांगतात.

आता पिशवीतली घंटा काढा आणि एकदा वाजवा. मग विचारा: मळ्यावर घंटा कुणासाठी वाजायची? या गावात कुणासाठी? एरवी बोलत नाहीत ती मुलंही इथे बोलतात. सुरगाण्याच्या त्या मुलाने काही उत्तर दिलं नाही. तास संपल्यावर टेबलाजवळ आला आणि म्हणाला, “बाई, शाळा सुटायची घंटा आज मी देऊ का?” शिपाईकाकांना विचारून मी त्याला दिली.

मुलांच्या दोन्ही याद्या वहीत चिकटवायला लावा. त्यांना गुण देऊ नका. मागच्या बाजूची यादी दिसेल अशी, म्हणजे फक्त वरच्या कडेला डिंक लावून.